कॅमेऱ्याचा भाव शेवटी विचारा

अलिबाग तालुक्यात ज्याचं घर बंद असतं, त्याला हल्ली एक सल्ला फुकट मिळतो. दुकानदार देतो, ठाण्याचा भाचा देतो, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे निवृत्त गृहस्थही देतात. "दोन हजारांचा कॅमेरा घ्या, हॉलमध्ये ठेवा, वायफायला जोडा, की घर मोबाइलमध्ये आलं. फार भारी नसेल, पण नसण्यापेक्षा बरा!" ऐकायला गोड आहे, खिशालाही झेपणारं आहे. तरीही या सल्ल्याशी भांडायला हवं. कारण त्यात भाव पहिला येतो आणि घर येतच नाही. घरात लाईट किती टिकते, घर सांभाळतं कोण, टिपलेलं चित्र साठतं कुठं आणि बघतं कोण, यातला एकही प्रश्न न विचारता कॅमेरा विकला जातो आणि तितक्याच बेफिकिरीनं घेतला जातो.

माझा स्वस्त कॅमेऱ्याला विरोध नाही. स्वस्तच घ्या. पण त्यानं टिपलेलं चित्र तुमच्या ताब्यात राहणार असेल तरच घ्या. तेवढी खात्री नसेल तर "नसण्यापेक्षा बरा" हे चूक आहे. असा कॅमेरा नसलेलाच बरा.

आधी समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करून टाकू. काही वर्षांपूर्वी घरात कॅमेरा लावायचा म्हणजे डीव्हीआरची पेटी, भिंतभर वायरी आणि फिटिंगवाल्याच्या खेपा. आज सीपी प्लस, क्युबो अशा कंपन्यांचे मान वळवणारे, अंधारात बघणारे, दोन्हीकडून बोलता येणारे कॅमेरे साधारण दीड ते तीन हजारांत मिळतात. गरजही खरी आहे. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली आणि गाडी घेऊन अलिबागला येणं सोपं झालं. किहीम, आवास, सासवणे, नागाव इथल्या कितीतरी बंगल्यांना सोमवार ते शुक्रवार कुलूप असतं. दुसरीकडे जुन्या घरांत म्हातारी आई एकटी आणि मुलगा कल्याणला, अशीही स्थिती आहे. चोरी झाली तर पोलीस पहिल्यांदा फुटेजच मागतात. तेव्हा कॅमेरा हे श्रीमंतांचं खूळ आहे, असं म्हणण्यात अर्थ नाही.

आता पहिला दावा घेऊ, "नसण्यापेक्षा बरा". कॅमेरा चोराला अडवत नाही. तो फक्त बघतो. मागच्या दाराची कडी ढिली असेल, न्हाणीघराच्या खिडकीचे गज गंजले असतील, तर कॅमेरा ते दुरुस्त करणार नाही. उलट कॅमेरा आहे म्हणून कडी दुरुस्त करायचं राहून जातं. खारी हवा बिजागरी खाते तशी अडॅप्टरची पिनही खाते. म्हणजे ज्याच्या भरवशावर आपण कडी दुरुस्त केली नाही, तोच केव्हा बंद पडला हे आपल्याला कळत नाही.

आणि तो बंद पडतोच. पावसाळ्यात इथं काय होतं ते पाहा. तारेवर झावळी पडते, लाईट जाते. लाईट गेली की राउटर जातो, राउटर गेला की नेट, नेट गेलं की मोबाइलमधलं घरही जातं. लाईट परत येताना व्होल्टेज उसळतं आणि कॅमेऱ्यासोबत आलेला अडॅप्टर जळतो. याहून गमतीची गोष्ट म्हणजे मुंबईला परतताना विजांच्या भीतीनं कितीतरी जण घराचा मेन स्विच पाडून जातात. फ्रिज बंद, गिझर बंद आणि त्याच स्विचवर कॅमेराही बंद! मोबाइलवर ‘डिव्हाइस ऑफलाइन’ दिसलं की म्हणायचं, "तिकडे नेट नसेल." चोरालाही नेमकं हेच हवं असतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा रायगडातल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती आणि मोबाइलला रेंज नव्हती. छपरं उडालेली, वाड्या आडव्या झालेल्या. घराची खबर घ्यायची सर्वांत जास्त गरज होती ती नेमकी त्याच आठवड्यात. ज्याचा कॅमेरा फक्त कंपनीच्या क्लाउडवर चित्र पाठवतो, त्याला अशा दिवसांत काय दिसणार? वादळ रोज येत नाही हे खरं. पण जूनमधला कुठलाही जोराचा पाऊस त्या वादळाची छोटी आवृत्तीच असतो.

यंत्र घेण्याआधी जागा बघावी, हे अलिबागकरांना कुणी शिकवायला नको. इथली चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून काम करते आहे. ती मुळात मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहानं नोंदी बिघडणार, हे ओळखून तिच्यासाठी अलिबागची जागा निवडली गेली आणि वेधशाळेची इमारतही चुंबकत्वाचा उपद्रव होणार नाही अशा सामानाची बांधली गेली. उपकरणं उत्तम होतीच. तरी ती कुठं ठेवायची याचा विचार आधी झाला. तेवढा नाही, पण त्याचा शतांश विचार दोन हजारांच्या कॅमेऱ्यासाठी करायला काय हरकत आहे?

तो विचार अवघड नाही. घरातला असा कॅमेरा फार तर पाच वॉट वीज खातो, म्हणजे महिन्याला साडेतीन-चार युनिट. त्याला आणि राउटरला वेगळ्या स्विचवर घ्या, म्हणजे मेन पाडायची वेळ येणार नाही. राउटरला आणि कॅमेऱ्याला दोन्हींना चालेल असा हजार-दीड हजाराचा छोटा यूपीएस लावला तर काही तास निघतात. घरात इन्व्हर्टर असेल तर दोन्ही त्याच्यावर घ्या. जांभ्याच्या जाड भिंती वायफाय अडवतात, म्हणून राउटर माजघरात आणि कॅमेरा पडवीत असं करू नका. यातले बहुतेक कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात. भिंत पार करायला तीच लहर बरी पडते, पण दोन भिंतींपुढे तीही दमते. हे सगळं मांडल्यावर कॅमेऱ्याचा खरा भाव दोन हजार राहत नाही, चार-पाच हजारांवर जातो. दुकानदार हा भाव सांगत नाही, तो फक्त पेटीवरचा आकडा सांगतो.

दुसरा दावा मेगापिक्सेलचा. "टू-के घ्या, थ्री-के घ्या, चेहरा स्पष्ट दिसतो." दिवसा दिसतो. पण घरफोडी बहुधा रात्री होते आणि रात्री हे कॅमेरे इन्फ्रारेड दिव्यांवर बघतात. तो उजेड थोड्या अंतरापर्यंतच पोचतो. कॅमेरा खिडकीच्या आत ठेवून अंगणाकडे वळवला, तर उजेड काचेवर आपटून परत येतो आणि रात्रभर पांढऱ्या डागाचं चित्रीकरण होतं. त्यात भिंतीवर पालीही फिरतात. लेन्सवरून पाल गेली की मोबाइल वाजतो, कोळ्यानं जाळं विणलं की वाजतो. पहिल्या आठवड्यात माणूस दचकून बघतो, दुसऱ्या आठवड्यात त्या सूचना बंद करून टाकतो. पुढं माणूस आला तरी मोबाइल गप्प. म्हणून मेगापिक्सेलआधी विचारायचं ते हे, की हलणारी प्रत्येक वस्तू आणि माणूस यांत हा कॅमेरा फरक करतो का, आणि त्या सोयीचे पैसे वेगळे द्यावे लागतात का.

मेगापिक्सेलचा खर्च आणखी एका ठिकाणी येतो, तो साठवणीत. साधं फुल एचडी चित्र सेकंदाला दीड मेगाबिटच्या आसपास जागा घेतं असं धरा. दिवसाला सोळा जीबी झाले. ६४ जीबीचं कार्ड चार दिवसांच्या आत भरतं आणि मग जुन्यावर नवं लिहिलं जातं. आता आपला मुंबईकर बंगलेवाला दर पंधरा दिवसांनी शनिवारी येतो असं समजा. चोरी आधीच्या आठवड्यातल्या मंगळवारी झाली. शनिवारी कुलूप तुटलेलं दिसलं, कार्ड काढलं, लॅपटॉपला लावलं, तर त्यात या आठवड्यातल्या बुधवारपासूनचा रिकामा हॉल! कॅमेरा चालू होता, लाईट होती, नेट होतं, तरी पुरावा गेला. टू-के घेतला असता तर आणखी लवकर गेला असता. यावर उपाय आहे. हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग होईल असं ठेवा, १२८ जीबीचं कार्ड घ्या, आणि तेही सतत लिहिण्यासाठी बनवलेलं. फोटोसाठीचं साधं कार्ड रात्रंदिवस लिहून लवकर बाद होतं. पेटीवरच्या मेगापिक्सेलपेक्षा हे गणित महत्त्वाचं.

तिसरा दावा सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. क्लाउडवाले म्हणतात, "कार्डाचं काय घेऊन बसलात? चोर कॅमेराच उचलून नेईल, कार्डासकट." बरोबर आहे. टीव्हीशेजारी, हाताला येईल असा ठेवलेला कॅमेरा चोर पहिल्यांदा उचलणार. पण यावरून क्लाउडच हवा असं ठरत नाही. कॅमेरा माळ्याच्या कडेला, हात पुरणार नाही अशा उंचीवर, दाराकडे तोंड करून बसवा. माणूस दिसला की त्याचा फोटो मोबाइलवर येईल अशी सोय असलेला घ्या; कॅमेरा उचलला गेला तरी तो फोटो तुमच्याकडे राहतो. आणि ज्या कॅमेऱ्याचं चित्र घरातल्याच दुसऱ्या रेकॉर्डरवर, जुन्या कॉम्प्युटरवर साठवता येतं, तो निवडा. आरटीएसपी किंवा ऑनव्हिफ चालतं का, एवढं विचारायचं. स्वस्तातल्या काही कॅमेऱ्यांत हे आहे, काहींत मुद्दाम ठेवलेलं नाही. ज्यांत ठेवलेलं नाही तिथं कारण उघड आहे. तुम्ही महिन्याच्या महिन्याला पैसे भरावेत. ज्याचं नेट खात्रीचं आहे त्यानं कार्ड ठेवून वर क्लाउड घ्यावा, माझी ना नाही. पण कार्डाची खाचच नसलेला कॅमेरा इथल्या नेटच्या भरवशावर घेणं म्हणजे घराची किल्ली टपालानं पाठवण्यातला प्रकार.

चौथा दावा देशभक्तीच्या सुरात येतो. "चिनी घेऊ नका, आपला घ्या, म्हणजे झालं." काळजी रास्त आहे, उपाय अपुरा. जानेवारी २०२० मध्ये शाओमी या चिनी कंपनीच्या एका ग्राहकाला घरातल्या गुगलच्या पडद्यावर आपल्या कॅमेऱ्याऐवजी परक्यांच्या घरातली चित्रं दिसली; पाळण्यातलं बाळ, खुर्चीत झोपलेला माणूस. गुगलला शाओमीची जोडणी काही काळ तोडावी लागली. पण अमेरिकी कंपन्या तरी काय सोवळ्या? ॲमेझॉनच्या रिंग कंपनीतल्या माणसांनी ग्राहकांच्या खासगी चित्रफिती पाहिल्याच्या प्रकरणात मे २०२३ मध्ये ५८ लाख डॉलरची तडजोड झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाइझ या कंपनीच्या सुमारे तेरा हजार ग्राहकांना दुसऱ्यांच्या घरातली छायाचित्रं दिसली.

आणि आपल्याकडे? फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीची दृश्यं समाजमाध्यमांवर विकली जात असल्याचं उघड झालं. अटक झालेल्यांत लातूर आणि सांगली जिल्ह्यातले तरुण होते. त्यांना मशीन चीनचं की भारताचं याच्याशी देणंघेणं नव्हतं, उघडं दार हवं होतं. तसली दारं बहुधा कंपनीचा मूळ पासवर्ड न बदलल्यामुळे उघडी राहतात. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरातले लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर याच मार्गानं ताब्यात घेतले होते. केंद्र सरकारनं एप्रिल २०२४ मध्ये अधिसूचना काढून ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची केली, हे चांगलं झालं. पेटीवर बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे का, ते बघा. बिनानावाचा, आठशे रुपयांचा, कुठलं ॲप चालवतो ते दुकानदारालाही ठाऊक नसलेला कॅमेरा घेऊ नका. पण चाचणी झालेल्या कॅमेऱ्याचा पासवर्डही तुम्हालाच बदलायचा आहे आणि दुहेरी पडताळणीही तुम्हालाच चालू करायची आहे. फिटिंगवाल्याच्या ईमेलवर उघडलेलं खातं हे तुमचं खातं नव्हे. घर तुमचं आणि चावी त्याच्या मोबाइलात, असं अलिबागमधल्या किती घरांत असेल, ज्यानं त्यानं तपासावं.

पाचवा दावा मला सर्वांत जास्त खटकतो. "लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कसली?" हे म्हणणारा माणूस बहुधा कॅमेऱ्यापुढे राहतच नाही, तो मुंबईत बसून बघतो. कॅमेऱ्यापुढे राहते ती बंगला सांभाळणारी बाई. ती दुपारी हॉलमध्ये पंख्याखाली पाठ टेकते, लेकराला पाजते. एक दिवस मालकाचा आवाज त्या डबीतून येतो, "ताई, सोफ्यावर झोपू नका." सुरक्षेसाठी आणलेली वस्तू पाळतीसाठी वापरली गेली. तिनं दुसऱ्या दिवशी त्यावर टॉवेल टाकला तर मालक म्हणणार, चोरी करायचा विचार दिसतो. घरात कॅमेरा आहे, कुठं आहे, केव्हा चालू असतो, आवाज टिपतो का, हे तिला आधी सांगा. ती घरात असेल तेव्हा तो बंद राहील, असा नियम करा. लेन्सवर झाकण येणारे कॅमेरेही मिळतात. ज्या माणसाच्या भरवशावर तुमचं घर उभं आहे, त्याच्याशी एवढं सरळ वागायला हवंच.

घर भाड्यानं देणाऱ्यांनी तर हा विषय संपलेलाच समजावा. एअरबीएनबीनं ३० एप्रिल २०२४ पासून जगभरातल्या आपल्या सगळ्या घरांत आतल्या कॅमेऱ्यांवर बंदी घातली आहे. नागाव-वरसोलीच्या होमस्टेवाल्यांनी पाहुण्यांच्या खोलीत वा हॉलमध्ये कॅमेरा ठेवणं हे सुरक्षेच्या नावाखाली खपणार नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई ही दोन्ही तुरुंगापर्यंत नेणारी आहेत. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा घरगुती वापराला सूट देतो खरा, पण पाहुण्यांकडून भाडं घेतलं की त्या सुटीचा आधार डळमळतो.

आणि सामाईक घराचं काय? कोकणात एका सातबाऱ्यावर आठ नावं आणि एका ओट्यावर तीन चुली, हे नवं नाही. धाकट्यानं थोरल्याच्या दाराकडे कॅमेरा वळवायचा आणि "चोरांसाठी लावलाय" म्हणायचं! दोन भावांच्या अशाच वादात कलकत्ता उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं, की सहरहिवाशाच्या संमतीशिवाय घराच्या राहत्या भागात कॅमेरे चालवणं हा त्याच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला. भाऊबंदकीत कॅमेरा हे नवं शस्त्र होऊ पाहतं आहे, त्याला वेळीच आवर घातलेला बरा.

शेवटी पुरावा. "फुटेज आहे ना, मग झालं" असं समजणाऱ्यांनी जालन्याचा खटला लक्षात ठेवावा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर आला, असा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला, आणि वाद येऊन थांबला तो निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या व्हिडिओवर. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं त्या प्रकरणात निर्वाळा दिला, की इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत कायद्यानं सांगितलेलं प्रमाणपत्र लागतंच. मूळ उपकरण मालकानं स्वतः कोर्टात आणून सिद्ध केलं, तर मात्र त्याची गरज नाही. आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये तशाच प्रमाणपत्राची तरतूद आहे. याचा घरगुती अर्थ सरळ आहे. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर हवं, कार्ड जसंच्या तसं जपायला हवं, आणि ते तुमच्या ताब्यात हवं. व्हॉट्सॲपवर फिरवून फिरवून धूसर झालेली, तारीख-वेळ कापलेली फीत चोर ओळखायला मदत करेल. खटला टिकवायला तिचा उपयोग फार थोडा.

तेव्हा निवडायचं कसं? मेमरी कार्डाची सोय असलेला, घरातल्याच रेकॉर्डरवर साठवू देणारा, माणूस आणि पाल यांत फरक करणारा, लेन्सवर झाकण येणारा, पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी मागणारा, सरकारी नोंदणी असलेला कॅमेरा घ्या. फुल एचडी पुरे.  कॅमेऱ्याइतकेच पैसे राउटरच्या यूपीएसवर, चांगल्या कार्डावर आणि मागच्या दाराच्या नव्या कडीवर घाला. कॅमेरा एकच असेल तर तो दाराकडे बघणारा असू द्या, माणसांकडे नव्हे. ज्याच्याकडे यातल्या कडीपुरतेच पैसे आहेत, त्यानं कडीच बसवावी. त्याचं घर कॅमेरेवाल्या शेजाऱ्यापेक्षा जास्त सुरक्षित राहील.

पुढच्या शनिवारी घरी याल तेव्हा एक करा. मेन स्विच पाडा, दार ओढून घ्या, फाटकाबाहेर उभे राहा आणि मोबाइल बघा. मग लाईट चालू करून मागच्या आठवड्यातल्या मंगळवारच्या रात्रीचं चित्र शोधा. दोन्ही वेळा हाती काही लागलं नाही, तर तुमच्या घरात कॅमेरा नाही, एक डबी आहे. ती विकणाऱ्याकडे परत जा आणि वरचे प्रश्न विचारा. त्याला उत्तरं देता आली नाहीत, तर दुकान बदला.